एका काडीवर दोन बिड्या

आमच्या गल्लीत पहाटे खोकल्यावरून माणूस ओळखू यायचा. दोन-तीन कोरडे ठसके देऊन थांबायचा तो समोरचा. लांबलचक खोकून शेवटी देवाचं नाव घ्यायचा तो कोपऱ्यावरचा म्हातारा. आणि खोकत खोकत मोरीपर्यंत जायचे, तिथं भिंतीला हात टेकून बराच वेळ वाकून उभे राहायचे, ते माझे वडील. लहानपणी मला वाटायचं, बाप्या माणसं सकाळी खोकतातच. बायका सडा टाकतात, पुरुष खोकतात. कोणी त्याला आजार म्हणत नव्हतं. "बिडीचा खोकला आहे," एवढं म्हटलं की विषय संपला. जसा काही बिडीचा म्हटल्यावर तो खोकला घरचाच झाला!

आम्ही विणकर. नागपुरात इतवारीच्या पलीकडे आमची वस्ती होती, घरोघरी हातमाग. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून बाबा बसायचे आणि लुगडी विणायचे. माय सूत उकलायची, मी आणि ताई कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या, भरून द्यायचो. मागाजवळ विस्तव न्यायचा नाही असा सक्त नियम होता, कारण सुतावर एक ठिणगी पडली की आठ-आठ दिवसांची मेहनत गेली. म्हणून बाबा तासा-अर्ध्या तासानं खड्ड्यातून वर यायचे, उंबऱ्यावर बसून बिडी ओढायचे आणि परत खड्ड्यात उतरायचे. सगळ्या गल्लीचा वेळ असाच चालायचा. "एक बिडी मारून येतो," "दोन बिड्यांचं काम राहिलं आहे," असं लोक बोलायचे. दुकानातून कट्टा आणायचं काम माझ्याकडे होतं. कट्टा म्हणजे दोऱ्यानं बांधलेला बिड्यांचा जुडगा. तो एक दिवसही पुरायचा नाही.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. त्या हिवाळ्यात बाबांना खड्ड्यातून वर यायला जड जाऊ लागलं. वर आले की बोलता यायचं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ओठांचा चंबू करून ते हळूहळू श्वास सोडायचे आणि आम्ही काही विचारलं तर बोटानं "थांब" म्हणायचे. जरा दम आला की तोच हात कानामागच्या बिडीकडे. गल्लीतले शहाणे तर सांगायचे, "ओढ गा, बिडीनं कफ सुटते." आणि खरंच, पहिल्या झुरक्यानं खोकल्याची उबळ यायची, कफ पडायचा, बाबांना मोकळं वाटायचं. झालं, बिडी हेच औषध ठरलं!

ताईसाठी खाप्याहून एक स्थळ आलं होतं. मंडळी बसली, चहा झाला, मुलगी पसंत पडली, आणि नेमकी त्याच वेळी बाबांना उबळ आली. ते उठून मोरीत गेले. पाच मिनिटं तो आवाज सगळ्यांनी ऐकला. चार दिवसांनी निरोप आला, "पोरगी लाखात एक आहे, पण घरात टीबी दिसते." हा निरोप आमच्या घरी पोचायच्या आधी गल्लीत पोचला होता.

टीबी म्हणजे काय होतं ते आजच्या पोरींना कळायचं नाही. घरात एकाला टीबी आहे म्हटलं की बाकीच्यांची लग्नं राहायची. मायनं त्याच संध्याकाळी बाबांची थाळी आणि गिलास वेगळा केला. ती ते करत होती आणि रडत होती. बाबा बघत होते. दुसऱ्या दिवशी आपणहूनच त्यांनी आपली चटई कोपऱ्यात ओढली. मला इतका राग आला की मी माझा भात नेऊन त्यांच्या थाळीत वाढून घेतला. मायनं मला पाठीत एक धपाटा घातला. बाबा म्हणाले, "मारू नको वं तिले. दवाखान्यात नेते ती मले. तिले वाचता येते."

म्हणून सरकारी दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. तीन दिवस सकाळची थुंकी डबीत धरून नेऊन दिली, छातीचा फोटो काढला. चौथ्या खेपेला डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे असावेत, बोलणं तसं स्वच्छ होतं. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "टीबी नाही. तिन्ही वेळा काही सापडलं नाही."

पदर तोंडात कोंबून मायनं जे रडायला सुरुवात केली, ते थांबेचना. त्यानंतर डॉक्टर जे बोलले त्यातलं एक अक्षर तिच्या कानात शिरलं नाही. ऐकलं ते मी आणि बाबांनी.

डॉक्टरांनी टेबलावरची काडेपेटी उचलली. एक काडी ओढली आणि बाबांच्या तोंडापासून वीतभर लांब धरली. "तोंड उघडं ठेवा. ओठ मिटायचे नाहीत. फुंका."

बाबांनी फुंकलं. ज्योत जराशी हलली, पुन्हा सरळ झाली. परत फुंकलं. नाही. काडी जळत डॉक्टरांच्या बोटापर्यंत आली तेव्हा त्यांनी ती झटकली. बाबा शेहेचाळीस वर्षांचे होते. दिवसभर हातमाग ठोकणारा माणूस, आणि त्याच्यानं एक काडी विझेना! ते माझ्याकडे बघून ओशाळं हसले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"ही क्षयाची छाती नाही, बिडीची आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदावर पेनानं काढून दाखवलं. छातीत नळ्या असतात, नळ्यांच्या टोकांना अगदी बारीक फुगे असतात. धुरानं नळ्या आतून सुजतात, चिकट कफ धरतात. फुग्यांच्या भिंती विरत जातात. मग आत गेलेली हवा बाहेर पडत नाही, शिळी हवाच कोंडून राहते, आणि ताजीला जागाच उरत नाही. "म्हणून तुम्हाला श्वास घेण्यापेक्षा सोडायला त्रास होतो."

बाबांनी 'विरत जातात' एवढंच पकडलं. कापडातला माणूस. त्यांनी विचारलं, "विरलं तर रफू होते ना, साहेब?"

"नाही होत," डॉक्टर म्हणाले. "विरलं ते गेलं. त्याला औषध नाही. उरलंय ते मात्र वाचेल. आजपासून बिडी बंद केली तर."

घरी येईपर्यंत मायनं रिक्षातूनच अर्ध्या गल्लीला सांगितलं, "टीबी नाही! टीबी नाही!" बाबांची थाळी-गिलास परत आमच्या भांड्यांत ठेवून संध्याकाळी तिनं घरोघरी गूळ वाटला. शेजारचे काका आनंदानं आले, त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि कट्टा पुढे केला. "घे गा, आता कायचा घोर!" बाबांनी हात जोडले. म्हणाले, "सोडली."

काका हसले. त्यांना गंमत वाटली.

पण बाबांनी खरंच सोडली. मी काही भाबडी नाही, बापाचं उगाच कौतुक करणारी तर नाहीच, पण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिले आठ दिवस घरात नुसता कल्लोळ. भाजीत मीठ कमी म्हणून थाळी सरकवली, कांडी सैल भरली म्हणून ताईवर खेकसले, माझ्या वह्या-पुस्तकांच्या पसाऱ्यावरून मला शिव्या घातल्या. मग उंबऱ्यावर जाऊन बसायचे आणि हातांचं काय करावं ते न कळून धोतराचा काठ चिमटीत धरून बसायचे. माय बडीशेप भाजून द्यायची. ती खिशात घेऊन ते मागावर बसायचे. खोकला तर आधी वाढलाच. काका रोज येऊन सांगायचे, "पाहा, सोडली अन् कफ अडकला!" मी त्यांना एकदा स्पष्ट म्हटलं, "काका, तुम्ही काडी विझवून दाखवा आधी." ते चिडले. पोरगी फार शिकली म्हणाले.

दर रविवारी सकाळी आम्ही ती काडीची परीक्षा घ्यायचो. मी काडी धरायची, बाबांनी तोंड उघडं ठेवून फुंकायचं. महिनाभर काही नाही. दुसऱ्या महिन्यात ज्योत वाकायला लागली. मोरीतला सकाळचा आवाज निम्म्यावर आला. आणि चौथ्या महिन्यात, एका रविवारी, काडी विझली! ताई टाळ्या पिटत होती. बाबांनी लगेच दुसरी काडी ओढायला सांगितली, ती काही विझली नाही, तरी ते दिवसभर गुणगुणत होते. त्या महिन्यात एक लुगडं जास्त उतरलं मागावरून. आमच्या घरात तितकं सुख मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

घरात हे असं, आणि बाहेर गल्लीत वेगळंच शिजत होतं. आमच्याकडे धडधाकट माणूस बिडी सोडत नसे. सोडायची ती एकाच माणसानं, ज्याला डॉक्टरनं टीबी सांगितली त्यानं. आमच्या ओळखीत ज्यानं-ज्यानं सोडली होती, ते सगळे त्याच वाटेनं गेले होते. मग बाबांनी काहून सोडली? लोक म्हणायचे, गूळ वाटला तो दाखवायला, कागद आणला तो पैसे चारून. बाबा जितके बरे होत होते, तितकी त्यांची टीबी गल्लीत पक्की होत होती. काय म्हणावं आता याला!

अशात उमरेडहून दुसरं स्थळ आलं. मुलगा मागावर नव्हता, कचेरीत नोकरीला होता. तेव्हा गिरणीच्या आणि नायलॉनच्या लुगड्यांपुढे आमची लुगडी मागे पडत होती. नोकरीवाला मुलगा म्हणजे ताई त्या खड्ड्यातून कायमची वर आली असती. मायनं तीन दिवस देव पाण्यात घालून ठेवले.

मंडळी दुपारी आली. मुलाचे वडील, मुलाचा मामा, आणखी दोघं. रिवाजाप्रमाणे ताईला शेजारी नेऊन बसवलं होतं, बोलावल्याशिवाय ती येणार नव्हती. माय चहाला आत गेली. जाताना दवाखान्याचा कागद माझ्या हातात देऊन गेली. विचारतील तर वाचून दाखव, म्हणाली. त्यांनी विचारलंच. इंग्रजी कागद मी मराठीत वाचून दाखवला, थुंकीत जंतू आढळले नाहीत. मुलाच्या वडिलांनी मान हलवली. मामा म्हणाला, "कागद कोन पाहते बाई. कागद तर कसाही बनते."

आमच्याकडे सोयरीक पक्की व्हायची ती बिडीवर. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण बोलणी जमली की दोन्ही व्याही एका काडीवर दोन बिड्या पेटवत. त्याचा अर्थ, आता तुमचं आमचं एक. ज्याच्या छातीत रोग आहे त्याच्या काडीवर कोणी बिडी पेटवत नसे. ही पुरुषांची रीत, आत बसवलेल्या पोरींपर्यंत ती पोचायची नाही; मला ती त्या दिवशी दारातून दिसली.

मुलाच्या वडिलांनी कट्टा काढला. दोन बिड्या सोडवल्या, फुंकून साफ केल्या आणि एक बाबांपुढे धरली.

बाबांनी हात पुढे केला नाही. मुलाच्या वडिलांचा हात तसाच राहिला. मामा हसत म्हणाला, "घ्या ना गा. का डाक्तरनं मना केली तुमाले?"

मी दारात उभी होते. मला ओरडायचं होतं, हो, मना केली, पण तुम्हाला वाटते त्याच्यासाठी नाही. कोणाला पटलं असतं? बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेजारच्या भिंतीकडे पाहिलं, जिच्या पलीकडे ताई साडी नेसून बसली होती. मग म्हणाले, "मना कायची? आना." आणि बिडी घेतली.

काडी ओढली गेली. दोन्ही बिड्या पेटल्या. मामाची नजर बाबांच्या छातीवर होती. चार महिने धुराशिवाय राहिलेली ती छाती, तिला उबळ येणारच होती, आणि बाबांनी ती येऊ दिली नाही. मानेच्या शिरा टरारून फुगल्या, चेहरा काळानिळा झाला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "चुलीचा धूर येऊन राहिला," ते कसेबसे म्हणाले आणि हसले. मग दुसरा झुरका घेतला. तिसरा घेतला. दोऱ्यापर्यंत बिडी ओढली त्यांनी. मुलाच्या वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि आत हाक मारली, "बाई, बोलवा पोरीले. तारीख काढून टाकू."

ताई आली तेव्हा बाबांच्या हातात थोटूक होतं. तिनं ते पाहिलं. पाहुण्यांसमोर ती काय बोलणार? पण मंडळी गेल्यावर म्हणालीच, "चार महिने धीर नाही निघाला तुमचा बाबा? माझ्या सोयरिकीच्या दिवशीच पायजे होती तुम्हाले?" आणि ती तरातरा आत गेली.

बाबा मोरीत होते. गुडघे टेकून खोकत होते. मी पाण्याचा गडू घेऊन उभी राहिले आणि रागानं विचारलं, "काहून घेतली?"

बोलण्याइतका दम यायला त्यांना बराच वेळ लागला. म्हणाले, "तिले सांगू नको. जन्मभर डोक्यावर घेऊन फिरेल ती." मग म्हणाले, "एका बिडीनं काही होत नाही वं."

एका बिडीनं काहीच होत नाही, हे खरं आहे. त्यांच्या छातीचं जे व्हायचं ते आधीच्या तीस वर्षांच्या बिड्यांनी केलं होतं. पण एकीच्या मागे दुसरी आली. लग्नाची तयारी करायला व्याही आले तेव्हा एक. लग्नात पाच-सहा. पहिल्या दिवाळीला जावई आले, व्याही आले, तेव्हा पुन्हा. पुढच्या उन्हाळ्यात खिशातली बडीशेप गेली आणि कट्टा आला. मी आणून द्यायला साफ नकार दिला. ते स्वतः जायचे, दुकान पन्नास पावलांवर, वाटेत तीनदा थांबायचे. रविवारी मी काडेपेटी घेऊन बसले तर म्हणायचे, "राहू दे."

किती वर्षं मी त्या मामाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग मोठी झाले आणि कधी कधी असंही वाटलं की चार महिने तरसलेल्या माणसाला ती बिडी हवीही असेल. निमित्त मिळालं असेल. असेलही, खोटं का बोलू. पण मी त्यांचा चेहरा पाहिला आहे, आणि त्या चेहऱ्यावर मजा नव्हती.

पुढे दहाएक वर्षं ते आमच्या डोळ्यांदेखत कमी कमी होत गेले. आधी माग सुटला, मग दुकानापर्यंत जाणं, मग अंघोळीला उभं राहणं. पाय सुजले. जेवायला बसले की घास आणि श्वास एकदम जमेना, म्हणून घास सोडायचे. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते. मायला आणि त्यांना सांभाळून मी तिथंच राहिले. शेवटच्या हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. ताई उमरेडहून धावत आली. त्यांचे हात धरून ती रडली, आणि रडता रडता भडकली. "एवढं डाक्तरनं सांगतलं होतं! बाबा, आमच्यासाठी सुद्धा नाही सुटली तुमच्यानं? मी तुमची कोनी नव्हती का?"

बाबांनी पलंगाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. बोलता येत नव्हतं. नुसतं बोट हलवलं, नाही, म्हणून. मी खाली मान घातली. ताईच्या केसांवर हात ठेवून ते "हो, हो," असं ओठांनी म्हणत राहिले. दोन दिवसांनी ते गेले.

तेरवीच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मागच्या आंगणात सिगारेट पेटवून उभे होते. कचेरीतली सवय, दिवसाला एक पाकीट. त्यांची पाच वर्षांची पोरगी त्यांच्या पायाशी खेळून राहिली होती. ताई भांडी घासत होती. ती राखेच्या हातानं तशीच उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माह्या बापानं पोरीसाठी बिडी सोडली नाही," ती म्हणाली. "त्याले बिडी जास्त प्यारी होती. तुमाले काय प्यारं आहे ते सांगा, या पोरीसमोर सांगा."

मी दारातच होते. माझं तोंड उघडलं होतं. दहा वर्षं गिळलेलं सगळं जिभेवर आलं होतं, की अगं, तुझ्याचसाठी घेतली ती, याच माणसाशी तुझं लग्न व्हावं म्हणून घेतली. भाऊजींनी पोरीकडे पाहिलं. सिगारेट खाली टाकली, चपलेनं चुरली. खिशातलं पाकीट काढून ताईच्या राखेनं भरलेल्या हातात दिलं.

मी तोंड मिटलं.

त्यानंतर भाऊजींनी कधी सिगारेट ओढली नाही. आज त्यांची सत्तरी उलटली आहे. पहाटे उठून एक ठसकाही न देता चार किलोमीटर चालून येतात. ताई अजून जो भेटेल त्याला सांगते की तिच्या बापाला पोरीपेक्षा बिडी प्यारी होती, आणि मी शेजारी बसून ऐकून घेते.